स्वप्नाची सवलत

ज्या कलाकृतीविषयी सर्वांचे एकमत झालेले असते, तिच्याकडे पुन्हा पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या अमेरिकन विज्ञानकथा-मालिकेतील ‘फार बियाँड द स्टार्स’ हा भाग अशा एकमताला पोहोचलेला आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये तो प्रथम प्रक्षेपित झाला. तेव्हापासून वर्णद्वेषावरील दूरचित्रवाणीच्या उत्तम कृतींची चर्चा निघाली की त्याचे नाव आदराने घेतले जाते. प्रस्तुत लेखकही त्या एकमतात अनेक वर्षे सामील होता. गेल्या हिवाळ्यात तो भाग लागोपाठ तीनदा पाहण्याचा योग आला. मत ढळले नाही. पण त्यामागची कारणे पार बदलून गेली. ज्या दृश्यांसाठी या भागाची वाहवा होते ती त्यातील सर्वांत मोलाची दृश्ये नव्हेत, आणि ज्या एका लहानशा तडजोडीवरून प्रेक्षक सहज पुढे निघून जातो तिच्यात त्याचे सामर्थ्य आणि त्याचे न्यून ही दोन्ही एकत्र साठलेली आहेत, असे आता वाटते.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगणे अवश्य आहे. चोविसाव्या शतकात एका दूरस्थ अंतराळस्थानकाचा अधिपती कॅप्टन बेंजामिन सिस्को हा कृष्णवर्णीय आहे. ‘स्टार ट्रेक’च्या परिवारात मालिकेचे नायकपद कृष्णवर्णीय नटाकडे येण्याची ही पहिलीच वेळ, ती भूमिका एव्हरी ब्रूक्स यांनी केली, आणि प्रस्तुत भागाचे दिग्दर्शनही त्यांचेच. युद्ध चालू आहे, एका मित्राचे जहाज नष्ट झाल्याची वार्ता नुकतीच आली आहे, आणि खचलेला सिस्को हे पद सोडावे की काय या विचारात आहे. अशा मनःस्थितीत त्याला भास होऊ लागतात, आणि पाहता पाहता तो १९५३ सालच्या न्यूयॉर्कमध्ये बेनी रसेल नावाचा विज्ञानकथालेखक होऊन जातो. ‘इन्क्रेडिबल टेल्स’ या स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकाच्या कचेरीत तो काम करतो. मालिकेतील नेहमीची नटमंडळी या कचेरीत आणि हार्लेमच्या रस्त्यांवर निराळ्या रूपांत भेटतात. एरवी जे परग्रहवासीयांचे रबरी मुखवटे चढवून वावरतात ते येथे उघड्या चेहऱ्याने येतात.

या युक्तीचा सर्वांत मार्मिक उपयोग मायकेल डॉर्न या नटाच्या बाबतीत झाला आहे. १९८७ पासून हा कृष्णवर्णीय नट वर्फ नावाच्या परग्रहवासी योद्ध्याचे उंचसखल कपाळ लावून पडद्यावर वावरत होता. येथे ते कपाळ उतरते आणि विली हॉकिन्स हा देखणा बेसबॉलपटू समोर उभा राहतो. सारे शहर त्याचा खेळ पाहते. पण तो राहतो हार्लेममध्येच, कारण मैदानावर आपल्याशेजारी त्याला कसेबसे सोसणारे गोरे लोक आपल्या आळीत त्याला घर घेऊ देणार नाहीत. हे तो खानावळीत हसतहसत, एका वाक्यात सांगून मोकळा होतो. वर्फच्या भूमिकेत हा नट परग्रहावरचा म्हणून मानवांमध्ये वेगळा पडत असे. मुखवटा उतरल्यावर तो मानव ठरतो आणि वेगळेपण तेवढे कायम राहते. असे क्षण या भागात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठी लेखक आयरा स्टीव्हन बेर व हान्स बाइम्लर, तसेच मूळ कल्पना देणारे मार्क स्कॉट झिक्री यांना श्रेय दिले पाहिजे.

मात्र याच युक्तीचे एक उलटे फळही आहे. बेनीला रस्त्यात अडवणारे आणि पुढे अर्धमेला होईपर्यंत मारणारे दोन गोरे पोलीस कोण आहेत? मालिकेतील दोन प्रमुख खलपुरुषांची कामे करणारेच नट त्या गणवेशांत आहेत. नियमित प्रेक्षकाला ते चेहरे दिसताक्षणीच कळते की येथे दुष्टपणा होणार. तो होतो, प्रेक्षक संतापतो, आणि त्या संतापात एक सुखही असते. कारण अन्यायाचा धनी कोण हे पूर्वीच ठरलेले आहे आणि आपण तो नाही याची खात्री आहे. ही दृश्ये खोटी आहेत असे कोण म्हणेल? अशा मारहाणी होत होत्या, आणि पुढेही होत राहिल्या. पण खलपुरुषाच्या चेहऱ्याने आलेला अन्याय प्रेक्षकाला स्वतःकडे पाहायला लावत नाही.

त्या मानाने संपादक डग्लस पॅब्स्ट ही व्यक्तिरेखा कितीतरी खोल आहे. रने ओबर्जोन्वा या नटाने ती इतक्या संयमाने उभी केली आहे की पहिल्या वेळी तिची भीती वाटतच नाही. हा गृहस्थ वाईट नाही. बेनीचे लेखन त्याला मनापासून आवडते. तो त्याला काम देतो, त्याची स्तुती करतो. मासिकाच्या वाचकांना लेखकांचे छायाचित्र पाहायचे आहे, अशी मालकाची कल्पना तो कचेरीत जाहीर करतो, आणि त्याच श्वासात के ईटन या लेखिकेला सुचवतो की त्या दिवशी तिने उशिरापर्यंत झोपायला हरकत नाही. के ही ‘के. सी. हंटर’ या नावाने लिहिते. वाचक तिला पुरुष समजतात. मग पॅब्स्ट बेनीकडे वळतो. त्यालाही त्या सकाळी झोप काढण्याचा सल्ला मिळतो. यात वैयक्तिक काही नाही, असेही तो सांगतो. आणि खरोखरच नसते, हीच त्यातील गोम आहे.

लेखिकेच्या टोपणनावाचा हा धागा चित्रकर्त्यांनी फार पुढे नेला नाही. पण मराठी वाचकाला ‘विभावरी शिरूरकर’ हे नाव येथे आठवल्यावाचून राहणार नाही. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ निघाले तेव्हा त्या नावामागे कोण दडले आहे याचा महाराष्ट्राने केवढा शोध चालवला होता! नावाचा पडदा दोन्ही दिशांनी उपयोगी पडतो, हेही सांगून ठेवतो: डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती, ती आपल्या कीर्तीचा भार परीक्षकांवर पडू नये म्हणून. बेनीच्या वाट्याला मात्र पडद्याची निवडही नाही. त्याचे नाव खरे आहे. लपवायचा आहे तो चेहरा.

पुढे बेनी एका चित्रावरून कथा लिहितो. मासिकाच्या चित्रकाराने काढलेले ते अंतराळस्थानकाचे चित्र. बेनीच्या कथेत त्या स्थानकाचा अधिपती कृष्णवर्णीय आहे, आणि त्याचे नाव बेंजामिन सिस्को. कचेरीतील सर्वांना कथा आवडते. पॅब्स्टलाही आवडते. तो ती छापण्यास नकार देतो. हा नकार ज्या पायऱ्यांनी येतो त्या नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली पायरी वाचकांची: त्यांना हे पटणार नाही. दुसरी व्यवसायाची: आपण मासिक काढायला बसलो आहोत, जग बदलायला नव्हे. तिसरी उपायांची: नायक गोरा कर, नाहीतर कथा पन्नास वर्षे पेटीत ठेव. या साऱ्यात ‘मला हे नको’ असे वाक्य एकदाही येत नाही. पॅब्स्टच्या व्याकरणात प्रथमपुरुषी एकवचनाला नकार देण्याचा अधिकारच नाही. तो अधिकार वाचकांचा आहे, किंवा मालकाचा. आणि मालक श्री. स्टोन तर साऱ्या भागात एकदाही दृष्टीस पडत नाही!

या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांची हयात टेबलाच्या आतल्या बाजूला बसण्यात गेली आहे. ‘वरून आलेल्या निर्देशानुसार’, ‘तूर्त कालानुकूल नाही’, ‘विचाराधीन ठेवावे’ हे शब्दप्रयोग ज्या हातांनी लिहिले, त्या हातांना पॅब्स्ट परका वाटू नये. त्याच्यावर खलपुरुषाचा शिक्का मारता येत नाही, म्हणूनच तो त्या दोन पोलिसांपेक्षा अधिक अस्वस्थ करतो.

आणि मग ती तडजोड येते. अल्बर्ट मॅक्लिन नावाचा भिडस्त लेखक, जो सदैव यंत्रमानवांवर लिहितो आणि ज्याच्यात आयझॅक आसिमॉव्ह यांची छटा उघड दिसते, तो चाचरत सुचवतो की ही सारी हकीकत स्वप्न म्हणून लिहिली तर? कोणी निराश, दरिद्री माणूस उज्ज्वल भविष्याचे स्वप्न पाहतो आहे, असे दाखवले तर? पॅब्स्टला ते चालते. सहकारी आनंदतात. बेनीही मान्य करतो, कारण न छापलेल्या सत्यापेक्षा छापलेले स्वप्न बरे. त्या रात्री तो आणि त्याची प्रेयसी कॅसी आनंद साजरा करतात. त्याच रात्री गोळीचा आवाज येतो. जिमी हा हार्लेममधला उडाणटप्पू पोरगा पोलिसांकडून मारला गेलेला आहे, आणि धावत गेलेला बेनी मार खाऊन कोसळतो. कित्येक दिवसांनी काठी टेकत तो कचेरीत येतो, अंक हाती पडण्याच्या दिवशी. अंक येतच नाही. मालकाने साऱ्या प्रतींचा लगदा करवला आहे. अंक नेहमीच्या दर्जाचा नव्हता, असे कारण पॅब्स्ट सांगतो. बेनीची नोकरीही गेली आहे, हे तोच सांगतो.

स्वप्नाची सवलत घेऊनही कथा वाचली नाही. अपमान सोसून कमावलेली सवलत निरुपयोगी ठरते, इतके कठोर विधान या भागाने केले आहे आणि त्याबद्दल त्याचे जितके कौतुक करावे तितके थोडे.

इतिहासाकडे पाहिले तर हे विधान अतिशयोक्त नाही, पण थोडे अधिक गुंतागुंतीचे आहे. ज्या १९५३ सालात बेनीची कथा लगद्यात गेली, त्याच साली ‘वीअर्ड फँटसी’ या चित्रकथा-नियतकालिकात ‘जजमेंट डे’ ही कथा प्रत्यक्ष छापून आली होती. अल फेल्डस्टाइन यांचे लेखन आणि जो ऑर्लँडो यांची चित्रे. नारिंगी आणि निळ्या यंत्रमानवांत भेदाभेद पाळणाऱ्या ग्रहावर पृथ्वीचा निरीक्षक येतो, त्या ग्रहाला नापास करतो, आणि परतीच्या वाटेवर शिरस्त्राण काढतो तेव्हा कळते की तो कृष्णवर्णीय आहे. १९५६ च्या अंकात तिचे पुनर्मुद्रण करू लागले तेव्हा चित्रकथांच्या नव्या आचारसंहितेच्या अधिकाऱ्याने त्या शेवटच्या चित्रावर हरकत घेतली; प्रकाशक विल्यम गेन्स यांनी बदल करण्यास नकार दिला आणि कथा होती तशी छापली. म्हणजे १९५३ मध्ये हे अगदीच अशक्य नव्हते. परंतु कोणत्या अटीवर शक्य होते ते पाहावे. नायकाचा रंग हा अखेरचा धक्का म्हणून, एका चौकटीपुरता, आणि पुन्हा भेट होणार नाही अशा बेताने. बेनीला याहून अधिक हवे होते. त्याचा सिस्को पहिल्या ओळीपासून कृष्णवर्णीय आहे, तो पुढच्या कथांतही परत येणार आहे, आणि त्याचा रंग हे कथेचे रहस्य नाही. पॅब्स्ट नेमका यालाच अडतो.

खऱ्या पॅब्स्टची साक्ष त्याच वर्षी, १९९८ मध्ये, छापून आली. सॅम्युएल डिलेनी यांनी आपल्या एका निबंधात सांगितले की १९६८ साली ग्रंथरूपाने निघालेली त्यांची ‘नोव्हा’ ही कादंबरी आधी ‘अ‍ॅनलॉग’ मासिकाकडे क्रमशः छापण्यासाठी गेली होती. संपादक जॉन कॅम्बेल यांनी ती नाकारली. कृष्णवर्णी नायकाशी आपले वाचक समरस होऊ शकणार नाहीत, असे त्यांनी कळवले. लेखकाचे कसब मान्य, वाचकांचा नाइलाज. डिलेनींच्या कपाटात तोवर अमेरिकेतील विज्ञानकथाकारांचा नेब्युला पुरस्कार येऊन गेलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या कारणाचे मोल कळते. कॅम्बेल यांच्या नावाने नवोदितांना दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचे नाव २०१९ मध्ये बदलण्यात आले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. स्वप्न म्हणून लिही, म्हणजे छापतो, ही अट बेनीवर लादली गेली आणि ती अपमानकारक होती, असे हा भाग सांगतो. पण स्वतः हा भाग काय आहे? सिस्कोला पडलेले स्वप्न! १९५३ चे न्यूयॉर्क, ती कचेरी, तो मार, तो लगदा, सारे काही सिस्कोच्या शय्येवरच्या काही क्षणांत घडते. डोळे उघडतात तेव्हा वडील शेजारी बसलेले आहेत, प्रकृती पूर्ववत आहे, आणि पुढच्या आठवड्यापासून युद्धाची कथा पूर्वीसारखी चालू होते. १९९८ च्या मालिकेला वर्णद्वेषाविषयी तासभर उघड बोलायचे होते. ती परवानगी तिला त्याच अटीवर मिळाली, किंवा तिने ती अट आपण होऊन स्वीकारली, ज्या अटीवर पॅब्स्ट कथा छापायला तयार झाला होता. एरवी ज्या भविष्यात वर्णद्वेष संपलेला आहे असे मालिका मानते, त्या भविष्यातील एकाही माणसाला या स्वप्नाबद्दल उत्तर द्यावे लागत नाही.

हे लिहिताना प्रस्तुत लेखकाला एक जुनी गोष्ट सांगणे प्राप्त आहे. उत्तरेकडील एका शहरात नेमणुकीवर असताना तेथील मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचे संपादन माझ्याकडे आले होते. मराठवाड्यातून आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने बालपणीची आठवण लिहून दिली. गावच्या हॉटेलात त्याच्या वडिलांची कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असे. चहा पिऊन ती त्यांनीच विसळून पुन्हा जागेवर ठेवायची. गावाचे नाव होते, हॉटेलवाल्याचे आडनाव होते, सालही होते. लेख उत्तम होता. मी त्यांना बोलावून म्हटले, ‘तुम्ही फार चांगले लिहिता. एवढे करा, गाव काल्पनिक करा आणि कथा म्हणून द्या. परिणाम अधिक होईल.’ ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, ‘कथा म्हटल्यावर कुणाला उत्तर द्यावे लागत नाही, नाही का साहेब?’ त्यांनी बदल करून दिले. कथा छापली. मंडळातील पुष्कळांनी तिची स्तुती केली, आणि त्या आडनावाचे एक सन्माननीय सभासद तर संपादकाला मुद्दाम भेटून अभिनंदन करून गेले. पुढच्या वर्षी त्या तरुणाने काही लिहून दिले नाही. मी विचारलेही नाही.

१९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते. तेव्हा हार्लेमची ही गोष्ट मराठी वाचकाने दूरची मानण्याचे कारण नाही. आणि आपल्याकडे त्याही आधी, १९६३ मध्ये, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह निघालेला होता. रेल्वेची नोकरी, परका मुलूख, भाड्याची खोली आणि लपवलेली जात, इतक्या साहित्यावर उभी असलेली ती शीर्षककथा बदलीच्या नोकरीतील माणसाला अंगावर येते. तेथे मार बसतो तो जागेपणी बसतो.

अमेरिकन साहित्यातच शोधायचे तर ऑक्टेव्हिया बटलर यांची १९७९ ची ‘किंड्रेड’ ही कादंबरी समोर ठेवावी. १९७६ सालच्या कॅलिफोर्नियातील एक कृष्णवर्णीय लेखिका, डाना, एकाएकी गुलामगिरीच्या काळातील मेरीलँडमध्ये खेचली जाते. पुनःपुन्हा जाते, पुनःपुन्हा परतते. सिस्कोच्या प्रवासाशी हा प्रवास कितीतरी जुळता आहे. पण बटलर यांनी त्याला स्वप्न म्हटलेले नाही. अखेरच्या परतीत डानाचा डावा हात भिंतीत अडकून तुटतो. भूतकाळातून ती अपंग होऊन घरी येते. सिस्कोच्या अंगावर काय उरते? वैद्याच्या यंत्रात मेंदूच्या काही असाधारण लहरी नोंदल्या जातात, इतकेच. बेनीची मोडलेली हाडे १९५३ मध्येच राहतात.

येथे या भागाचे चाहते एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. शेवटी सिस्को वडिलांना विचारतो, की स्वप्न बेनी नसून आपण असलो तर? दूर ताऱ्यांपलीकडे बेनी रसेल या क्षणी आपल्याला स्वप्नात पाहत असेल तर? तो काचेत पाहतो आणि तेथे प्रतिबिंब बेनीचे दिसते. या एका उलटापालटीने सवलतीचा अर्थ फिरतो. बेनीवर लादलेले स्वप्न आता साऱ्या मालिकेचा पाया होते. प्रेक्षकाने पाच-सहा वर्षे जे शतक खरे मानले ते एका नाकारलेल्या लेखकाच्या टंकलेखन यंत्रातून निघाले असावे असा संशय निर्माण होतो. कल्पना मोठी आहे. तिची भव्यता मी नाकारत नाही. तिच्यामुळेच हा भाग सामान्य बोधकथांच्या रांगेतून बाहेर पडतो. पण ती विचारली जाते प्रश्न म्हणून, एका वृद्धाजवळ, खिडकीशी. आणि उत्तराची जबाबदारी कोणावरही पडत नाही. त्या वृद्ध पित्याची भूमिका ब्रॉक पीटर्स यांनी केली आहे. १९६२ च्या ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ या चित्रपटात खोट्या आरोपाखाली दोषी ठरवला जाणारा टॉम रॉबिन्सन त्यांनीच उभा केला होता. त्यांच्या शांत चेहऱ्यात तो सारा इतिहास आहे, आणि लेखकांनी त्यांना येथे समजूत घालण्याचे काम दिले आहे.

ब्रूक्स यांच्या ज्या दृश्याची सर्वाधिक प्रशंसा होते, ते अंक लगद्यात गेल्यावरचे बेनीचे कोसळणे, त्याविषयीही दोन शब्द. आपण माणूस आहोत, कथेचा लगदा करता येईल पण कल्पनेचा नाही, असे तो ओरडून, रडून सांगतो. छायाचित्रक त्याच्या चेहऱ्याच्या इतका जवळ जातो की पाहणाऱ्याला मागे सरकावेसे वाटते. अभिनय अतिरेकी आहे असे म्हणणारे आहेत. मला तो अतिरेक मान्य आहे, कारण मोजून-मापून रडण्याची ती जागा नव्हे. माझी तक्रार रचनेबद्दल आहे. दृश्य संपते ते रुग्णवाहिकेत. कचेरीने केलेला अन्याय एका माणसाच्या आजारात रूपांतरित होतो, आणि कॅमेरा आजाऱ्याबरोबर निघून जातो. कचेरीत मागे राहिलेल्यांचे काय झाले? हर्बर्ट रॉसॉफ, जो पॅब्स्टशी प्रत्येक वेळी भांडतो, त्याने दुसऱ्या दिवशी टंकलेखन यंत्रावर कागद चढवला का? मला ती सकाळ पाहायची होती.

आणखी एक बारीकशी गोष्ट, जिच्याकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. केचा पती ज्युलियस ईटन याचे काम अलेक्झांडर सिद्दिग यांनी केले आहे. त्यांचा जन्म सुदानमधला, वडील सुदानी, आई इंग्रज. १९५३ च्या त्या कचेरीत हा गृहस्थ इंग्रज लेखक म्हणून निर्वेध वावरतो; छायाचित्राच्या दिवशी त्याला झोपून राहायला कोणी सांगत नाही. वर्णाविषयी इतका सावध असलेला हा भाग स्वतःच्या पात्रयोजनेतील हा प्रश्न पाहतच नाही. कदाचित पॅब्स्टसारखाच त्यालाही सर्वांचे रंग दिसत नव्हते, सोयीचे तेवढे दिसत होते. हे म्हणणे थोडे कडक झाले, हे मी जाणतो.

बेनी रसेल मालिकेत पुन्हा एकदा येतो. ऑक्टोबर १९९८ मधील ‘शॅडोज अँड सिंबल्स’ या भागात तो मनोरुग्णालयात आहे आणि कोठडीच्या भिंतींवर पेन्सिलीने सिस्कोची कथा लिहीत चालला आहे. डॉक्टर गोड बोलून त्याच्या हाती रोलर देतो आणि त्या लिखाणावर पांढरा रंग फिरवायला सांगतो. पॅब्स्टची सूचना येथे किती उघडी होऊन आली आहे! बेनी रोलर उचलतो, भिंतीशी नेतो, थबकतो. इकडे चोविसाव्या शतकात सिस्कोचा हातही थबकलेला असतो. अखेर बेनी रोलर टाकून पेन्सिल घेतो, पुढचे वाक्य लिहितो, आणि तिकडे सिस्को ते कृत्य करतो. लेखणी भविष्य घडवते आहे, आता तो नुसता प्रश्न राहिलेला नाही, असे क्षणभर वाटते. पण लवकरच सिस्कोला सांगितले जाते की रुग्णालयाचा तो देखावा शत्रुशक्तींनी त्याला अडवण्यासाठी पाठवलेला खोटा दृष्टान्त होता. सवलत दुसऱ्यांदा घेतली गेली, आणि या वेळी तर स्वप्नालाही खोटे ठरवून.

मालिकेच्या अगदी अखेरीस बेनी रसेल हातात ‘डीप स्पेस नाइन’ची संहिता घेऊन चित्रनिर्मितीगृहाबाहेर बसलेला दाखवावा, असा विचार बेर यांच्या मनात होता. तो शेवट चित्रित झाला नाही. जून १९९९ मध्ये मालिका संपते तेव्हा सिस्को निघून गेलेला आहे आणि त्याचा मुलगा जेक स्थानकाच्या खिडकीशी उभा राहून बाहेर पाहतो आहे. जेकचे काम सिरॉक लॉफ्टन या नटाने केले आहे. १९५३ च्या रस्त्यावर पोलिसांच्या गोळीने मेलेला जिमी तोच.